मागचा डावा

दोन खोकी एकाच वेळी दारात आली आणि हॅलोबाई सावध झाल्या. एक थोरल्याच्या गाडीतून उतरलं, एक धाकट्याच्या. आणि दोन्हींवर स्पीकरचीच चित्रं.

"हे काय आणलंस?" थोरल्यानं विचारलं.

"आईच्या सत्तरीचं. होम थिएटर," धाकटा छाती पुढे काढून म्हणाला. "आणि तुझ्या खोक्यात काय आहे, दादा?"

थोरल्यानं आपलं खोकं हळूच जमिनीवर टेकवलं. "होम थिएटर."

सोफ्यावर बसलेले काका, म्हणजे हॅलोबाईंचे दीर, असे हसले की चहा बशीत सांडला. "बापावर गेलेत! दोघंही अगदी बापावर गेलेत!"

गेलेच होते. भेट कधी सांगून आणायची नाही, हा हॅलोबाईंच्या यजमानांनी या घरात घालून दिलेला कायदा. सांगून आणली तर ती भेट कसली, ती खरेदी झाली, असं ते म्हणायचे. या कायद्यापायी एकदा नवरा-बायकोनं एकमेकांना न सांगता एकाच संध्याकाळी दोन इस्त्र्या घरी आणल्या होत्या. त्यातली एक अजून माळ्यावर आहे, पुठ्ठ्यासकट. यजमान गेले, खोड मागे राहिली.

"ते सगळं ठीक आहे," थोरली सून म्हणाली. शाळेत गणित शिकवते ती, बेरीज चुकलेली तिला लांबून दिसते. "पण टीव्ही कुणी आणला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीकडे पाहिलं. पोट सुटलेल्या माणसासारखा तो टेबलावर बसला होता. मागे पिना खुपसायची तीन रंगांची भोकं, त्यातलं पिवळं तुटलेलं. नव्या खोक्यांतली एकही वायर त्याला लागणार नव्हती.

"म्हणजे आवाज दोन आणि चित्र शून्य," थोरलीनं उत्तर काढलं.

सगळ्यांबरोबर हॅलोबाईही हसल्या, पण वरवर. कारण त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. अगदी ठार. आणि आपल्याशिवाय हे घरात कुणालाही माहीत नाही, अशी त्यांची खात्री होती.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हॅलोबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. समोर दिव्यांचा फळा, हातात वायरी, डाव्या कानावर हेडफोन. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचा माणूस घरी भांडून आलाय की पोटभर जेवून, हे त्या सांगायच्या. त्यावरूनच हे नाव पडलं आणि ते गल्लीनं, घरानं, सगळ्यांनी उचललं. घरातही त्यांचा कान सगळीकडे. दूध वर येतंय, नळ टपकतोय, पोरगं थापा मारतंय, सगळं त्यांना स्वयंपाकघरातून कळायचं. 'आईच्या कानाला फसवता येत नाही' हे दोन्ही मुलांनी पाढ्यांच्याही आधी पाठ केलं होतं. आणि नेमका तोच कान आधी झिणझिणला, मग बोलणी लांब नेऊ लागला आणि एका सकाळी गप्प झाला. डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता उपाय नाही. उजवा मात्र ठणठणीत आहे. हॅलोबाईंनी पर्स मिटली आणि मुकाट्यानं घरी आल्या.

सांगणार कसं? गेल्या वर्षी याच हॉलमध्ये बसून दोन्ही मुलांनी ठरवायला घेतलं होतं की आईनं आता एकटं राहायचं नाही. थोरला म्हणे माझ्याकडे, धाकटा म्हणे माझ्याकडे, आणि घराला कुलूप. हॅलोबाईंनी टेबलावर हात आपटला होता आणि वचन घेतलं होतं: जोवर माझं सगळं मी बघते आहे, तोवर या घराला कुलूप लागणार नाही. मुलांनी वचन दिलं. पण निघताना थोरला म्हणालाच, "जोवर बघतेस तोवर हं, आई." तो 'तोवर' तेव्हापासून हॅलोबाईंच्या उशाशी बसलेला होता.

शिवाय काकांचं उदाहरण डोळ्यांसमोर. गल्लीच्या टोकाला मुलाकडे राहणारा हा खुशालचेंडू माणूस. त्याच्या कानाला मशीन लागलं आणि त्या दिवसापासून घरात त्याला कुणी काही विचारेनासं झालं. बघता बघता त्याच्या खोलीचं गोदाम झालं आणि त्याची खाट व्हरांड्यात आली. काकांनी ते हसण्यावारी नेलं, मशीन शर्टाच्या खिशात ठेवायला लागले, आणि भांडण सुरू झालं की खिशावर हात ठेवून मजेत बसायचे. हॅलोबाईंना मात्र त्या खाटेची धडकी भरली होती.

म्हणून त्या सोफ्याच्या अगदी डाव्या टोकाला बसायच्या. म्हणजे मग अख्खं घर उजवीकडे.

"आता दोन्ही सेट ठेवायचे की एक परत करायचा?" धाकट्यानं विषय काढला, आणि जुंपली.

धाकट्यानं आणला होता तो एकच लांबलचक दांडा, साउंडबार. टीव्हीखाली ठेवला की काम झालं. थोरल्याचा सेट म्हणजे लग्नाचं वऱ्हाडच. मोठा अ‍ॅम्प्लिफायर, पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि शिवाय जमिनीवर ठेवायचा धमधम करणारा ठोकळा. धाकटा म्हणाला, "घर आहे की वाद्यांचं दुकान?" थोरला म्हणाला, "फुंकणी आणलीस तू, फुंकणी!" गंमत अशी की सुना आपापल्या नवऱ्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. थोरलीला दांडा हवा होता, कारण सुटीत झाडू मारताना तिला त्या वायरी नको होत्या. आणि धाकटी, जी पडदे शिवण्याचा व्यवसाय करायची आणि एरवी चार शब्द बोलायची नाही, ती म्हणाली, "हॉल मोठा आहे. एका दांड्यानं भरणार नाही."

"घरभेदी!" धाकटा तिला म्हणाला.

"काका, तुम्ही सांगा," थोरला म्हणाला.

"मी मशीन काढलं की मला दोन्ही सारखेच," काका म्हणाले.

मग सगळे हॅलोबाईंकडे वळले. त्यांना दांडाच हवा होता. सगळा आवाज समोरून एका जागेतून येणार, डावीकडचं-उजवीकडचं कुणी विचारणार नाही. "मला वाटतं, हा लहानच बरा," त्या म्हणाल्या.

धाकट्यानं टाळी वाजवली.  थोरला खाली बसला आणि आपल्या खोक्यातून काढलेले थर्माकोलचे तुकडे एकेक करून परत आत घालायला लागला. एवढा पोट सुटलेला, पंपांच्या कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारा इंजिनिअर, आणि खालचा ओठ अगदी पहिलीतल्यासारखा पुढे. हॅलोबाईंना ते बघवेना.

"अरे, माझं पुरतं ऐकून तर घे," त्या म्हणाल्या. "लहान बरा, पण या हॉलला मोठाच शोभेल. दांडा माझ्या झोपायच्या खोलीत लावू. स्पीकर थोरल्याचे, आणि जोडणी करायची ती धाकट्यानं. त्याचा हात नाजूक आहे."

धाकटा दातांचा डॉक्टर. त्याची कळी खुलली, थोरल्याचा ओठ जागेवर गेला, आणि हॅलोबाईंनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

टीव्ही आणायला थोरला, धाकटी आणि हॅलोबाई निघाले. निघायच्या आधी धाकटीनं पर्समधून टेप काढून सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं, मग भिंत मोजली, आणि आकडे तळहातावर लिहिले.

दुकानात भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांत एकच पोपट उडत होता. थोरला थेट सगळ्यात मोठ्यापाशी जाऊन उभा राहिला. "हा घेऊ. पोपटाचं पीस न् पीस दिसतंय."

"दादा, आपल्या सोफ्यावरून एवढा मोठा बघायचा तर मान टेनिसची मॅच बघितल्यासारखी हलवावी लागेल," धाकटी म्हणाली आणि तळहात पुढे केला. "त्याच्याहून एक माप लहान बास. आणि हे रंग दुकानाचे आहेत, घरी एवढे भडक डोळ्यांवर येतील. कमी करता येतात ना, हो?"

"येतात ना, मॅडम," विक्रेता म्हणाला. तो हॅलोबाईंच्या डावीकडे येऊन उभा राहिला होता आणि त्यांनाच काहीतरी समजावून सांगायला लागला. चार टीव्ही एकदम गात होते. हॅलोबाईंना त्याचे ओठ हलताना दिसले, बाकी काही नाही. त्यांनी नेहमीचं हसू काढलं, जे 'हो'लाही चालतं आणि 'नाही'लाही.

तेवढ्यात धाकटी त्यांच्या उजव्या बाजूला आली. "ते म्हणतायत, आपला अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीच्या कुठल्याही भोकात लावून चालणार नाही," ती सावकाश म्हणाली. "आवाज परत पाठवणारं एकच भोक असतं, त्यावर तसं लिहिलेलं असतं. चुकीच्या भोकात लावलं तर चित्र येईल आणि स्पीकर मुके राहतील."

"कळलं की मला," हॅलोबाई म्हणाल्या. त्यांना धाकटीचा जरा रागच आला. ही मुलगी नेहमी अशी मध्ये येते. वर्षभर त्यांना वाटत होतं, आईला घेऊन जायचं धाकट्याच्या डोक्यात भरवलं असेल ते हिनंच. शांत माणसांचं काही सांगता येत नाही. परत गाडीकडे जातानाही धाकटी वळसा घालून आली आणि त्यांच्या उजवीकडून चालायला लागली.

घरी आले तर हॉलची धर्मशाळा झालेली. धाकटा जमिनीवर पालथा पडून वायरींची टोकं दातांत धरून सोलत होता. "दातांचा डॉक्टर ना तू?" थोरली त्याला ओरडत होती. काकांनी ठोकळ्यावर बसून चहा घ्यायला सुरुवात केली होती. ते स्टूल नाही हे त्यांना कुणीतरी दोनदा सांगितलं होतं, पण मशीन खिशात होतं.

टीव्ही टांगला. चित्र आलं. आवाज आला नाही.

"झालं!" थोरला म्हणाला. "नाजूक हात!"

"भोक," धाकटी सोफ्यामागून म्हणाली. धाकट्यानं वायर एका भोकातून काढून शेजारच्या भोकात घातली, आणि हॉलमध्ये अचानक एक माणूस एवढ्या मोठ्यानं बातम्या सांगायला लागला की काका चहासकट उठले. हशा पिकला. हॅलोबाईही पोट धरून हसल्या. किती दिवसांनी हे दोघं भाऊ एकाच वायरीला हात लावत होते!

"आता टेस्ट," धाकट्यानं जाहीर केलं. "अ‍ॅम्प्लिफायर एकेका स्पीकरमधून वाळू चाळल्यासारखा आवाज सोडतो. आई, तू तुझ्या जागेवर बस. आवाज आला की सांगायचं."

हॅलोबाई आपल्या डाव्या टोकाला बसल्या.  पुढचा डावा वाजला. कुठून ते कळलं नाही, पण वाजला एवढं उजव्या कानानं टिपलं. "आला." मधला. "आला." पुढचा उजवा. "आला, आला." मागचा उजवा. "आला रे." त्यांनी मनात क्रम धरला होता. आता राहिला मागचा डावा, जो त्यांच्या डाव्या खांद्याच्या मागेच स्टँडवर उभा होता.

अ‍ॅम्प्लिफायरवर त्याचं नाव आलं. हॅलोबाईंना पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"हा वाजत नाहीये," टीव्हीपाशी उभा असलेला थोरला म्हणाला.

"वाजतोय. मागचे हळूच असतात," धाकटा म्हणाला. "तुझे कान त्या पंपांनी गेलेत, दादा."

"आणि तुझे त्या ड्रिलनं गेलेत! चोवीस तास लोकांच्या दाढा घासतोस!"

"मी स्वतः लावलाय तो!"

"म्हणूनच वाजत नाहीये!"

"सगळ्यात खोट काढायची! भिंत रंगवली तरी खोट, बाबांच्या फोटोला फ्रेम केली तरी खोट!" धाकट्याचा आवाज चिरकला. हसत-खेळत चाललेलं एका क्षणात गेल्या वर्षाच्या भांडणावर जाऊन पोचलं. काकांचा हात खिशावर गेला.

"आईला विचार," थोरला म्हणाला. "आईचा कान शेवटचा. ती म्हणेल ते मला मान्य."

"मलाही."

हॅलोबाईंनी धाकट्याच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. डावीकडचं हळू काही असलं की त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही, हा त्यांचा रोजचा अनुभव. हा नाजूक हातांचा मुलगा म्हणतोय लावलाय, तर लावलाच असेल.

"येतोय की," त्या ठासून म्हणाल्या. "स्वच्छ येतोय. अगदी कानाशी."

तेव्हा सोफ्यामागून धाकटी उभी राहिली. वायर गालिच्याखालून ओढून स्पीकरला लावायला नवऱ्यानं तिला खाली बसवलं होतं. वायर तिच्या हातात होती. दोन्ही टोकं मोकळी, लाल आणि काळी, कशालाच न लावलेली.

एवढ्या जवळून ती वायर दिसली ती एकट्या हॅलोबाईंनाच.  संपलं सगळं, त्यांना वाटलं. आता ही तोंड उघडणार, आणि उद्या कुलूप.

धाकटीनं एकदा वायरीकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग वायर पदराआड घेतली.

"हो, येतोय," ती म्हणाली. "मीही ऐकला."

"बघ!" धाकटा ओरडला.

 थोरल्यानं करंगळी कानात घालून हलवली. मग दोन पावलं पुढे येऊन मान वाकडी करून ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "मला खरंच नाही आला," तो स्वतःशीच म्हणाला आणि सावकाश बाहेर गेला.

काका त्याच्यामागोमाग गेले. थोरली चहाचे कप उचलायला लागली, धाकटा विजयी मुद्रेनं रिमोट पुसायला लागला. हॅलोबाई उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांनी उजवा कान बाहेर केला.

थोरला पायरीवर बसला होता. "काका, तुम्हाला पहिल्यांदा कळलं कसं?"

काकांनी आधी खिशातून मशीन काढून कानात घातलं. "काय म्हणालास?"

"म्हटलं, कान जातोय हे कळलं कसं? कारखान्यात आमच्या दोन माणसांचं असंच झालं. यंत्रांच्या आवाजानं. मला वाटायचं, मी बरा आहे." तो थांबला. "आता बायकोला कसं सांगू? घाबरेल ती."

काकांनी मशीन कानातून काढलं, शर्टाला पुसलं आणि पुतण्याच्या हातावर ठेवलं. "घालून तर बघ. एवढं काही वाईट नसतं रे."

आपला एवढा मोठा मुलगा तो इवलासा तुकडा तळहातावर घेऊन बसलेला हॅलोबाईंना दिसला, आणि त्यांना भडभडून आलं. आजवर त्यांनी खूप सोंगं काढली होती. दूधवाल्याला, शेजारणीला, फोनवर, सगळ्यांना फसवलं होतं, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पण स्वतःच्या कानापायी पोराचा धडधाकट कान काढून घ्यायचा? छे! मग कुलूप लागू दे नाहीतर खाट व्हरांड्यात जाऊ दे.

"सगळे आत या," त्या म्हणाल्या. एक्स्चेंजमध्ये दोन भांडणाऱ्या माणसांच्या मध्ये बोलताना लावायचा तो आवाज त्यांनी लावला. सगळे आले.

"थोरल्या, ते मशीन काकांना परत दे. तुझे कान शाबूत आहेत. तो स्पीकर वाजत नव्हता."

"पण तूच तर म्हणालीस—"

"मी खोटं बोलले. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. डॉक्टरला दाखवलंय, आता काही होणार नाही."

 धाकटीनं पदराआडची वायर काढून टीपॉयवर ठेवली.

सगळ्यात आधी थोरलाच बोलला. "म्हणजे माझे कान चांगले आहेत!" असं म्हणून तो मोठ्यानं हसला, आणि मग हसता हसता त्याला आपण काय ऐकलं ते कळलं. तो मटकन खाली बसला. "आई! अगं, आई! आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तू लावली नव्हतीस ती वायर?" धाकटा बायकोला विचारत होता. "आणि तुला माहीत होतं? आईचं?"

"गेल्या उन्हाळ्यापासून," धाकटी म्हणाली. "पडदे लावायला आले होते तेव्हा आईंना डावीकडून तीनदा हाक मारली. चौथ्यांदा उजवीकडून मारली."

"मग बोलली का नाहीस?"

"आई सांगत नव्हत्या म्हणून. या घरात कुणी कुणाला काही सांगतं का? टीव्हीसुद्धा सांगून आणत नाहीत." एवढं बोलून तिचं तिलाच जास्त वाटलं, ती लाल झाली. "मी आपली त्यांच्या उजवीकडून चालायची."

हॅलोबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दुकान आठवलं, गाडीपर्यंतचा रस्ता आठवला, आणि वर्षभराचा आपला राग आठवला. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी सुनेचा हात धरला.

"आता पुढे काय?" थोरलीनं विचारलं. तिला उत्तर काढल्याशिवाय चैन पडत नाही. "आपलं ठरलं होतं, जोवर..."

"तेच म्हणतोय मी," थोरला म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "आई, वचन तू घेतलं होतंस. जोवर तुझं तू बघतेस तोवर. रात्री बेल वाजली, गॅस राहिला, मागून गाडी आली..."

हॅलोबाई ताठ बसल्या. या क्षणाला त्या वर्षभर भीत आल्या होत्या, आणि तो आला तर काय, समोर आपलीच पोरं.

"एक्स्चेंजमध्ये माझ्या फळ्यावर चाळीस लायनी होत्या," त्या म्हणाल्या. "एक तरी बंद नाही असा दिवस मी बघितला नाही. मग आम्ही काय करायचो? एक्स्चेंजला कुलूप लावायचो? बंद लायनीत चिठ्ठी खोचायची, आणि तिचे फोन शेजारच्या लायनीवरून द्यायचे. गाव बोलत राहायचं. माझी डावी लाइन बंद आहे. मी सांगितलं नाही ही माझी चूक, चिठ्ठी खोचायला हवी होती. ती आज खोचली. पण उजवी चालू आहे, आणि तिच्यावरून मी माझं सगळं बघते आहे. आजही तुम्हा सगळ्यांना चहा कुणी दिला?"

 मग काका, ज्यांनी मशीन परत कानात घातलं होतं, म्हणाले, "चहा मात्र झकास होता वहिनींचा."

थोरल्यानं डोळे पुसले आणि हसला. "पण आता लपवायचं नाही. काही झालं तरी."

"नाही लपवणार."

"आणि बेलला दिवा लावू. वाजली की इथे आणि तुझ्या खोलीत पेटेल. कारखान्यात आहेत तसले, मी लावून देतो."

"लाव."

"आणि हे भेटी न सांगता आणणं बंद," थोरली म्हणाली.

"ते नाही!" दोघं भाऊ एकदम ओरडले.

मग परत टेस्ट. धाकटा रिमोट घेऊन बसला, थोरला त्याच्या शेजारी जमिनीवर, मांडीला मांडी लावून.

"मागचा डावा. आला?"

"नाही," हॅलोबाई म्हणाल्या.

"बरोबर," धाकटी सोफ्यामागून म्हणाली. "अजून लावलीच नाही. आता?"

दूर कुठेतरी वाळू चाळल्याचा भास झाला. "आहे काहीतरी. कुठे आहे ते मात्र देवाला माहीत."

"अगदी बरोबर!" थोरला म्हणाला आणि सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू हॅलोबाईंनी परीक्षेत पहिला नंबर काढला. धाकट्यानं मधला स्पीकर वाढवला, कारण माणसांचं बोलणं त्यातूनच येतं. धाकटीनं टेप काढून सोफा थोडा डावीकडे सरकवायला लावला. थोरलीनं एक जुना विनोदी सिनेमा लावला. पाच मिनिटांत भांडणं, धपाधप पडणारी माणसं आणि पाठीमागून पळत येणारे घोडे यांनी हॉल दणाणून गेला.

एका ठिकाणी हॅलोबाई हसायच्या थांबल्या. सिनेमात काही नव्हतं. पण चार चेहरे एकदम दाराकडे वळले होते. काका तेवढे घोड्यांकडे बघत होते, त्यांचं मशीन खिशात होतं. थोरला उठायला लागला, धाकटाही अर्धवट उठला.

"बसा," हॅलोबाई म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. "घर माझं आहे. दार मी उघडते."